कागद तिचा, घडीही तिचीच



मागच्या सुट्टीत मुलांची हस्तकलेची स्पर्धा होती. माझ्या धाकटीने ओरिगामीचा बगळा करायला घेतला. मान वाकडी, एक पंख मोठा, शेपटी चुरगळलेली. रात्री ती झोपल्यावर मला राहवेना. मी तो उलगडला आणि नीट घड्या घालून पुन्हा केला. सकाळी तिने तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "आई, हा माझा नाही."

"अगं, कागद तोच आहे."

"हो, पण माझ्या घड्या अजून दिसतायत. तू त्यांच्या शेजारी वेगळ्या घातल्यास."

बगळा तिने नेलाच नाही. मला आधी रागच आला. मग तिच्याबरोबर ओरिगामी शिकायला बसले, तेव्हा कळलं की ती बरोबर बोलत होती आणि चूक माझी होती.

ओरिगामी म्हणजे जपानी भाषेत 'कागद दुमडणे'. एक चौकोनी कागद घ्यायचा. कात्री नाही, डिंक नाही. काहीच कापून टाकायचं नसल्यामुळे जे करायचं ते आहे त्या कागदातच बसवायचं. घड्या मुळात दोनच प्रकारच्या. एक वर उठते ती डोंगर-घडी, दुसरी आत जाते ती दरी-घडी. साडीच्या निऱ्या काढताना आपण रोज हेच करतो की! बाकी सगळं याच दोन घड्यांच्या जोडण्यातून होतं.

एक गंमत करून पाहा. चौकोनी कागदाची चौघडी घाला आणि उलगडा. मधल्या बिंदूशी चार घड्या भेटतात. त्यातल्या तीन एका प्रकारच्या असतात, एक दुसऱ्या. फरक 2. कागद सपाट घडी होऊन बसला असेल, तर आतल्या कोणत्याही बिंदूशी डोंगर आणि दरी यांच्यात हा 2 चा फरक असतोच. म्हणजे यात नुसतं हाताचं कसब नाही, गणितही आहे. हे ओळखणारे आपल्याकडे फार पूर्वी होऊन गेले. टी. सुंदर राव यांचं कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक 1893 साली मद्रासमध्ये छापलं गेलं. किंडरगार्टनमध्ये मुलांना देत असलेल्या घडीकामाच्या साहित्यावरून त्यांना ते सुचलं होतं.

काही जणी म्हणतात, "आकृती बघून घड्या घालायच्या, यात कल्पकता कसली?" मलाही तसंच वाटायचं. पण रांगोळी आपण ठिपक्यांवरूनच शिकलो ना? आज आकृतीत तुटक रेषा आणि बाण दिसतात, ती पद्धत रूढ केली अकिरा योशिझावा यांनी. जन्म 1911 चा. तरुणपणी कारखान्यात काम करताना ते नव्या कामगारांना भूमिती समजावायला कागदाच्या घड्या वापरत. 1954 साली त्यांचं पुस्तक आलं आणि ही खुणांची भाषा जगभर गेली. जपानी न येणाऱ्यालाही जपानी आकृती वाचता येऊ लागली. त्यांनीच जाडसर कागद किंचित ओला करून दुमडायची रीत काढली. त्यामुळे प्राण्यांच्या अंगाला गोलाई आली. कृती सांगून ठेवणारा आणि कृतीच्या पुढे जाणारा माणूस इथे एकच होता.

पुढची झेप बघा. कोर्यो मिउरा या जपानी शास्त्रज्ञाने अशी घडी शोधली की समोरासमोरचे दोन कोपरे ओढले की सगळा कागद एकदम उलगडतो आणि तसाच मिटतो. 1995 साली जपानच्या एका उपग्रहाच्या सौरपट्ट्यांसाठी ती वापरली गेली. चुकत-माकत कागद दुमडणाऱ्या हातांची मजल इतकी जाते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मुलांची घडी आपण सुधारू नये. कागदावर घडी एकदा पडली की पुसली जात नाही. वाकडी पडली तर मुलाला ती दिसते, पुढच्या कागदावर कोपऱ्याला कोपरा जुळवायला बोट आपोआप थांबतं. आपण रात्री गुपचूप सुधारलं की मूल एवढंच शिकतं की माझं चालत नाही, आईचं चालतं.

तुम्ही म्हणाल, "इतर आया करून देतात, मग आपलंच मूल मागे पडेल." पडेल, एखादं बक्षीस जाईल आणि वाईटही वाटेल. पण दशलक्षण पर्वात आपण मुलांना उत्तम आर्जव शिकवतो, सरळपणा. मग आपण केलेली वस्तू त्यांच्या नावाने टेबलावर ठेवताना तो सरळपणा कुठे जातो? आयोजकांनाही माझी विनंती आहे की वस्तू घरून मागवू नका. मुलांना तिथेच बसवून कागद द्या. बगळा वाकडा झाला तरी चालेल.

हिरोशिमाच्या सादाको सासाकीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. 1955 साली रक्ताच्या कर्करोगाने दवाखान्यात असताना ती बगळे करत राहिली, मिळेल त्या कागदाचे, औषधांच्या वेष्टनांचेसुद्धा. बाराव्या वर्षी ती गेली. आजही जगभरातून मुलं तिच्या स्मारकापाशी बगळे पाठवतात. ते सुबक आहेत की नाहीत, हे तिथे कोणी बघत नाही.

महागडे संच आणायची गरज नाही. जुन्या वहीचं कोरं पान, लग्नपत्रिकेचं पातळ पाकीट, भेटवस्तूचा कागद, काहीही चालतं. तुम्हीही एक कागद घ्या आणि मुलाच्या शेजारी बसा. तुमची घडी तुमच्या कागदावर, त्याची त्याच्या कागदावर. अडलं तर आपल्या कागदावर दाखवा, त्याच्या कागदाला हात लावू नका.

धाकटीने गेल्या आठवड्यात नवा बगळा केला. मान अजून थोडी वाकडीच आहे. तो फ्रीजवर ठेवलाय, आणि माझा त्याच्या शेजारी.