संस्थेचें दप्तर कोठें ठेवावें ?

संस्थेचे जुने कागद स्कॅन करून संगणकांत सांठवावे, हें आतां बहुतेक पंचकमिट्यांस पटूं लागलें आहे. कर्जरोखे, भागधारकांचीं पुस्तकें, आठ-अ चे उतारे, सभांचीं इतिवृत्तें यांचीं गांठोडीं वाळवीच्या स्वाधीन करण्यांत शहाणपण नाहीं. केंद्र सरकारनें २९ जून २०२२ रोजीं ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली, तेव्हांपासून हिशेबाचा प्रश्न हळूहळू मार्गीं लागत आहे. जुन्या कागदांचा विचार मात्र ज्या त्या संस्थेलाच करावयाचा आहे. या कामीं दोन प्रकारचे विक्रेते दारीं येतात. एक म्हणतो, दप्तर आमच्या दूरच्या केंद्रांत ठेवा, भाडें द्या व इंटरनेटवरून पाहा. दुसरा म्हणतो, यंत्र तुमच्याच कचेरींत बसवितों, एकदां पैसे द्या व धनी व्हा.

धनी होण्याची भाषा ऐकून शेतकऱ्याचें मन दुसऱ्याकडे ओढतें, त्यांत नवल नाहीं. ज्यानें एकदां गहाण पडलेली जमीन सोडविली, त्याला भाड्याची धास्ती अधिक. शिवाय मायान, पेपरलेस-एनजीएक्स यांसारख्या प्रणाली तर फुकट मिळतात. परंतु फुकट मिळालेल्या खोंडालाही वैरण घालावीच लागते. येथें वैरण म्हणजे वेळोवेळीं येणाऱ्या दुरुस्त्या. मे २०१७ मध्यें ‘वॉनाक्राय’ नांवाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमनें जगभर संगणकांस कुलुपें घातलीं. ज्या भगदाडांतून तो शिरला तें बुजविण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें मार्चमध्येंच दिली होती. ज्यांनीं ती बसविली नाहीं ते सांपडले. आपल्या संस्थेंत ती कोण बसविणार ? सचिवाकडे बहुधा दोन-तीन गांवें असतात. आणि पुराचें काय ? ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मध्यें कृष्णा-पंचगंगेच्या कांठीं काय झालें तें तेथील मंडळींस आम्ही सांगावयास नको. तळमजल्यावरील कपाट आणि संगणक एकाच पाण्यांत जातात.

सबब ज्या संस्थेंत यंत्राकडे पाहणारा जाणता माणूस नाहीं, तिनें भाड्याचें केंद्र पत्करावें, असें आमचें मत झालें आहे. मात्र एक अट आम्ही सोडावयास तयार नाहीं: संपूर्ण दप्तराची एक प्रत दरमहा आपल्या हातीं आलीच पाहिजे.

या दूरच्या केंद्रास हल्लीं ‘क्लाउड’ म्हणतात. पण तो कांहीं आकाशांतला ढग नव्हे, तीही विटा-लोखंडाची इमारतच. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथें ओव्हीएच कंपनीचें एक पांचमजली केंद्र जळालें, आणि ज्यांच्या जादा प्रतीही त्याच आवारांत होत्या अशा कित्येक ग्राहकांचें सर्वस्व गेलें. दक्षिण कोरियाची हकीकत तर अधिक बोलकी आहे. तेथील सरकारी नोकरांस कागदपत्रें स्वतःच्या संगणकावर न ठेवतां सरकारच्या सामाईक कोठारांत ठेवण्याची सूचना होती. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं देजॉन शहरांतील त्या केंद्रास आग लागली व ८५८ टेराबाइट माहिती नाहींशी झाली. कोठार फार मोठें, म्हणून त्याची प्रत बाहेर ठेवलीच नव्हती !

“तुमची माहिती तुमचीच” असें प्रत्येक विक्रेता म्हणतो. करारावर सही करण्यापूर्वीं शंभर कागद चढवून ते परत मागून पाहावे. सभासदाचें नांव, गट नंबर व तारीख यांसह, आणि त्या विक्रेत्याच्या प्रोग्रॅमवांचून उघडतील अशा पीडीएफ-ए रूपांत ते आले तर ठीक. नुसत्या आंकड्यांचीं नांवें असलेल्या फाइलींचा ढीग आला, तर कोणता रोखा कोणाचा हें ब्रह्मदेवालाही कळणार नाहीं. अशा विक्रेत्यास नारळ द्यावा. भाडें थकल्यास दार किती दिवस उघडें राहील, हेंही लिहून घ्यावें.

साखर कारखाने व मोठे दूधसंघ यांची गोष्ट निराळी. त्यांजपाशीं माणसें आहेत. त्यांनीं यंत्र घरीं ठेवून प्रत परगांवीं ठेवण्यास हरकत नाहीं.

दरमहाच्या प्रतीसाठीं दोन डिस्का आळीपाळीनें वापराव्या, व एक नेहमीं कचेरीबाहेर असावी. पण ती अध्यक्षांच्या घरीं नको. निवडणुकीनंतर ती शोधीत फिरण्याची पाळी येते, हें वाचक जाणतातच. मूळ कर्जरोखे रद्दींत घालूं नयेत. आणि दरवर्षीं वार्षिक सभेपूर्वीं त्या डिस्केवरील एखादा रोखा खरोखर उघडतो कीं नाहीं, तें पंचांनीं समक्ष पाहावें.