लाजेचे सोवळे

घरात कोणाला मधुमेह झाला तर आपण देवळाच्या सभामंडपात बसून पथ्यापाण्याची चर्चा करतो. हृदयविकार झाला तर दहा जण समाचाराला येतात. पण कोणाच्या मनाचा तोल ढळला की घराचे दार लागते. ‘गावी पाठविले आहे’, ‘कोणाची तरी नजर लागली’, असे सांगून वेळ मारून नेली जाते. ही लाज धर्माने शिकविलेली नाही. ती लोकांच्या डोळ्यांची भीती आहे, आणि तिने धर्माचे सोवळे नेसले आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे सोवळे फेडणारे एक पुस्तक मराठीत आहे. ते एका ख्रिस्ती स्त्रीने लिहिले, एवढ्यासाठी त्याच्याकडे पाठ फिरविणे कोतेपणाचे होईल. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. तीत त्यांनी आपल्या वडिलांची हकीकत दिली आहे. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली, आणि त्या धक्क्याने जावयाला सोवळ्याचे वेड लागले. मीठसुद्धा धुतल्यावाचून चालेना. साऱ्या घराला त्याचा जाच झाला. गावाने त्यालाच कर्मठपणा म्हणून मान दिला असता. लेकीने त्याला वेड म्हटले, त्याचे कारण सांगितले, आणि बापावरची माया तसूभरही कमी होऊ दिली नाही.

हे धैर्य आले कोठून? १८९५ मध्ये पती ख्रिस्ती झाले तेव्हा लोकनिंदेचा कडेलोट बाईंनी सोसला. १९०० मध्ये त्या स्वतः त्या धर्मात गेल्या. ज्या देवाला सारे आधीच ठाऊक आहे, त्याच्यापुढे झाकायचे काय, ही त्या श्रद्धेची शिकवण. बायबलात थडग्यांमध्ये राहणाऱ्या, साखळदंडांनी बांधल्या जाणाऱ्या एका माणसाची कथा आहे. तो बरा झाल्यावर ख्रिस्त त्याला आपल्या माणसांत, घरी परत पाठवितो. उपचाराचा शेवट घरी होतो, हे त्या कथेचे मर्म आम्हांस वाटते.

कोणी म्हणेल, ख्रिस्ती मंडळींतही भुते काढण्याचे प्रकार चालतात. चालतात, आम्ही त्यांची वकिली करीत नाही. धर्म बदला, असेही आमचे म्हणणे नाही. आमच्या गीतेचा पहिला अध्यायच विषादाचा आहे. रणांगणावर अर्जुनाचे अंग कापते, तोंड कोरडे पडते, गांडीव हातातून गळते. भगवंतांनी त्याला आधी फटकारले हे खरे. पण रथ सोडून ते गेले नाहीत. अर्जुनाची ही अवस्था ज्या ग्रंथाने झाकली नाही, त्याचे पारायण करणाऱ्यांनी आपला मुलगा माळ्यावर कोंडावा, याला काय म्हणावे?

आम्हां भोपाळकरांना तर हे अधिक कळावयास हवे. डिसेंबर १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर डोळे व फुप्फुसे तपासणारी पथके धावली. पहिल्या काही आठवड्यांत त्यांत मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. तेव्हा मनाची जखम मोजली गेली नाही. आणि आजही बैतूल जिल्ह्यात मलाजपूरच्या पौषातील जत्रेत असे रुग्ण भूतबाधा झाली म्हणून आणले जातात. नवस करणे हा दोष नव्हे. नवसासाठी औषध टाळणे हा दोष आहे. तमिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने चाललेल्या एका निवासाला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही. अठ्ठावीस जीव गेले.

कायदा आता निःसंदिग्ध आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली व उपचाराचा हक्क दिला. लग्न जमावे म्हणून आजार लपविणाऱ्या आईबापांनी हेही ऐकावे: असे लपविणे फसवणूक ठरून विवाह रद्द होऊ शकतो. उलट, केवळ आजाराचे नाव सांगून घटस्फोट मिळत नाही. आजाराची तीव्रता पाहावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये रामनारायण गुप्ता खटल्यात म्हटले आहे. म्हणजे उघडपणाला कायद्याचे संरक्षण आहे, लपवाछपवीला नाही.

देवस्थानच्या विश्वस्तांकडे आमची मागणी लहान आहे. आरतीच्या वेळापत्रकाशेजारी ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावा. कीर्तनात एकदा तरी या आजाराचे नाव घ्या. आणि असे माणूस घरच्यांबरोबर देवळात आले, तर पंगतीत त्याला जागा द्या. देवाने त्याला गाभाऱ्यातून कधीच घालवलेले नाही. घालवले आहे ते आपण.