पेट्रोसकाकाचं गुपित

खून नाही, पोलीस नाहीत, तरीही 'नक्की झालं काय होतं?' हे कळेपर्यंत पुस्तक खाली ठेववत नाही. ग्रीक लेखक अपोस्तोलोस डॉक्सियाडिस यांची 'अंकल पेट्रोस अँड गोल्डबाख्स कंजेक्चर' ही तशी कादंबरी. मूळ ग्रीकमध्ये १९९२ साली आली, इंग्रजीत २००० साली. (पुढे कथानक फोडणार आहे. वाचायची असेल तर इथेच थांबा!)

पेट्रोसकाका अथेन्सजवळ एकटा राहतो. बाग आणि बुद्धिबळ, बास. त्याचं नाव निघालं की भाऊ तोंड वाकडं करतात. वाया गेलेला माणूस! का, ते कोणी सांगत नाही. मग पुतण्याला कळतं की काका एकेकाळी केंब्रिजला हार्डी आणि लिटलवूड यांच्याबरोबर काम केलेला जबरदस्त गणिती होता. आयुष्य घातलं एका ओळीच्या प्रश्नात: २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते का? (उदा. २८ = ११ + १७.) गोल्डबाखनं १७४२ मध्ये ऑयलरला पत्रातून विचारलेल्या प्रश्नातून हे कोडं आलं. कॉम्प्युटरनं ४ वर १८ शून्यं इथपर्यंत पडताळून झालंय, पण सिद्धता आजही नाही.

आता माझं मत. मला काकाची दया कमी आणि राग जास्त आला. हरला म्हणून नाही हो, जो प्रश्न कोणालाच सुटला नाही त्यात हरण्याची लाज कसली? राग आला त्याच्या लपवण्याचा. वाटेत हाती लागलेले महत्त्वाचे निष्कर्ष त्यानं छापलेच नाहीत. का, तर त्यांच्या आधारे दुसराच कोणी पुढे जाईल! वर्षानुवर्षं कोड आपल्याच मशीनवर ठेवायचा आणि चेक-इन करायचाच नाही, त्यातला प्रकार. शेवटी छापायला गेला तेव्हा दुसऱ्या कोणी ते आधीच सिद्ध केलेलं. पुढे गोडेलचा १९३१ चा सिद्धांत हाती आला: काही खरी विधानं सिद्ध करताच येत नाहीत. झालं, कोल्ह्याला द्राक्षं आंबट.

पुतण्याशीही तेच. हाच प्रश्न नाव न सांगता त्या पोराला सुट्टीत सोडवायला दिला. अट काय? नाही सुटला तर गणिताचा नाद सोडायचा. पोरगं स्वतःला ढ समजून बसलं. खरं कळलं ते पुढे अमेरिकेत, रूममेटकडून.

गंमत म्हणजे कादंबरीत रामानुजनही भेटतो. खरा रामानुजन मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमधला कारकून. त्यानं १९१३ साली आपली सूत्रं पानंच्या पानं भरून एका अनोळखी माणसाला पोस्टानं पाठवली. तो माणूस म्हणजे हार्डी. ती चोरीला जातील ही भीती त्याला काकापेक्षा जास्त असायला हवी होती.

भाऊ काकाला अपयशी म्हणतात ते चूकच. पण अर्धवट काम दाखवायला लाजायचं, हे त्यानं त्याच घरातून उचललं असावं. घरात फक्त निकाल मोजला जातो तिथे माणसं प्रयत्न लपवायला शिकतात. आपल्याकडे असे काका कमी आहेत का?