खोक्यावरचे लिटर, टाकीतले लिटर

वनस्पतींच्या टाकीसाठी फिल्टर सुचवताना आपल्यापैकी बरेच जण अजूनही खोक्यावरचा ‘लिटर प्रति तास’ हा आकडा पाहूनच निर्णय देतात. तो आकडा बहुधा रिकाम्या कॅनिस्टरचा असतो. आत स्पंज, सिरॅमिक रिंगा भरल्या, नळ्यांना वळणे पडली की प्रवाह बराच घटतो. गाळ साचला की आणखी.

म्हणून आग्रहाने सांगतो, मोजून पाहा. टाकीशेजारी स्टुलावर १० लिटरची बादली ठेवा, बाहेर येणाऱ्या नळीचे तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीला धरा आणि घड्याळ लावा. तोंड खाली गेले तर सायफनचा जोर मिळून आकडा फुगतो. बादली मिनिटात भरली, तर प्रवाह तासाला ६०० लिटर. ९० × ४५ × ४५ सेंमीच्या टाकीत माती, दगड वजा जाता पाणी उरते दीडशे लिटरच्या आसपास, म्हणजे तासाला चार फेऱ्या. अनुबियास, जावा फर्न आणि मोजके मासे असतील तर तेवढ्या पुरेशा आहेत. उगाच मोठा फिल्टर गळ्यात मारू नये.

कार्बन डायऑक्साइड सोडलेल्या दाट लागवडीचे गणित वेगळे. पाण्यात वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. पानाला चिकटलेला स्थिर पाण्याचा थर प्रवाहाने पातळ झाला नाही, तर वरून कितीही वायू सोडा, पान उपाशीच. रोटालाच्या गच्च झुडपामागे काळे केसाळ शेवाळ धरते ते बहुतेकदा याच कारणाने, आणि ग्राहक मात्र खत बदलत बसतो. ड्रॉप चेकर फिल्टरच्या तोंडाशी न लावता लांबच्या कोपऱ्यात, खालच्या बाजूला लावा. तिथे तो निळाच राहिला, तर आधी स्प्रे बारची दिशा बदला, झुडूप विरळ करा. तरीही भागले नाही तर छोटा वेव्हमेकर जोडा. झाडे अमोनियम स्वतःच शोषून घेतात, त्यामुळे कॅनिस्टर रिंगांनी ठासून भरण्याचेही कारण नाही.

वीज जाण्याचा विचार तर निवडीच्या वेळीच व्हायला हवा. बंद कॅनिस्टरमधले जिवाणू आतला प्राणवायू संपवतात. वीज बराच वेळ गेली असेल, तर आतले पाणी ओतून द्यावे, मीडिया टाकीच्याच पाण्यात खंगाळावा आणि मगच पंप सुरू करावा. हे ग्राहकाला फिल्टर विकतानाच सांगा.

वाचकांनी आपापली मोजमापे जरूर पाठवावीत: टाकीचे माप, मीडिया, शेवटच्या सफाईची तारीख आणि बादली भरायला लागलेला वेळ.