टाक्याचा हिशेब

गोधडीविषयी आपल्याकडे जे काही लिहिले-बोलले जाते, त्यात 'माया' आणि 'ऊब' हे दोन शब्द आले नाहीत तर लिहिणे पुरे झाले असे कोणाला वाटत नाही. आजीची माया, आईची ऊब, जुन्या लुगड्याचा वास. मी स्वतः कथा-कादंबऱ्या लिहिणारी, तेव्हा या शब्दांशी माझे वैर असण्याचे कारण नाही. पण आयुष्यातली बरीच वर्षे बँकेत आकड्यांच्या उभ्या-आडव्या बेरजा जुळवण्यात गेली आणि त्या सवयीने एक गोष्ट डोळ्यांत सलते. सुताराने केलेल्या पलंगाला कोणी मायेचा पलंग म्हणत नाही, त्याचे बिल विचारतात. त्याच पलंगावरची गोधडी मात्र मायेची, आणि मायेची म्हणून फुकट किंवा फुकटाच्या जवळपास. माया हा शब्द आपण कौतुकासाठी वापरतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो मजुरी बुडवण्यासाठी वापरला जातो.

पालघर-बोईसर पट्ट्यात माझी काही वर्षे नोकरी झाली. १९८० नंतर देशभर पसरलेल्या एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस होते. सरकारचे अनुदान आणि बँकेचे कर्ज मिळून गरीब कुटुंबाला एखादे उत्पन्नाचे साधन घेऊन द्यायचे, अशी ती योजना. पुरुषांच्या नावाने म्हशी आणि बैलगाड्या, बायकांच्या नावाने शिलाई मशीन. मशीन सगळ्यांच्याच सोयीचे होते. त्याचे कोटेशन मिळते, पावती मिळते, त्यावर कंपनीचा नंबर असतो आणि ते नजरगहाण ठेवून घेता येते. तपासणीला गेले की कित्येक घरांत ते मशीन देवादिकांच्या तसबिरींखाली, भरतकामाचे झाकण घालून ठेवलेले दिसे. झाकण हाताने भरलेले, मशीन न चाललेले. कर्ज मशीनवर दिलेले होते. कसब झाकणावर होते.

एक बाई एकदा गोधडीच घेऊन आल्या. दोरा आणि अस्तराचे कापड घ्यायला पाचशे रुपये हवे होते. शाखेतल्या एकाने विचारले, "मशीनच का घेत नाही, बाई?" त्या म्हणाल्या, "मशीनचा टाका सारखा येतो, साहेब. मला तो तसा नको." अर्ज पुढे गेला आणि यथावकाश परत आला. शेरा होता, 'मालमत्ता निर्माण होत नाही.' सुईला कोटेशन नसते, बोटांना नंबर नसतो.

ही जुनी गोष्ट झाली म्हणून सोडून द्यावी, तर आजचे चित्र पाहा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यात शिंपी आहे, मासेमारीची जाळी विणणारा आहे, टोपल्या, चटया आणि झाडू करणारे आहेत, बाहुल्या-खेळणी करणारे आहेत, हार गुंफणाराही आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत, पहिले कर्ज १ लाखाचे, मग २ लाखांचे, व्याज ५ टक्के. योजना चांगली आहे, यात शंका नाही. पण गोधडी शिवणारी, कापडावर भरतकाम करणारी, चिंध्या जोडून चित्र करणारी या यादीत वेगळी कुठेच नाही. तिने स्वतःला शिंपी म्हणवून घ्यावे, नाहीतर घरी बसावे. चाळीस वर्षांत योजनांची नावे बदलली. सुईचा रकाना काही निघाला नाही.

हे काम आहे तरी काय, हे एकदा नीट सांगायला हवे, कारण 'चिंध्या जोडणे' या शब्दांत ते फार सोपे वाटते. जुनी सुती लुगडी धुऊन, वाळवून, एकावर एक अंथरायची, कच्च्या टाक्याने थर बांधून घ्यायचे, मग कडेपासून आत आत धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचे. टाके दूर पडले तर आतले कापड गोळा होते, फार जवळ पडले तर गोधडी ताठ होते आणि अंगाला बिलगत नाही. थर किती, टाका केवढा, दोरा किती ताणायचा, हे सारे हाताला कळते. उत्तर कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांच्या कवंदीतही हीच रीत आहे.

पण या कारागिरीचा कच्चा मालच संपत आला. सुती नऊवारी गेली, पाठोपाठ रोजची सुती पाचवारीही गेली. नायलॉन, पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. त्या वर्षानुवर्षे फाटत नाहीत, घाम पीत नाहीत आणि थर लावला की एकमेकींवरून घसरतात. त्यांची गोधडी होते, पण ती अंगावर घ्यावीशी वाटत नाही. म्हणजे कापड स्वस्त आणि मुबलक झाले तेव्हाच गोधडीला कापड मिळेनासे झाले. आणि हे घडले कुठे, तर जिथे कापडाचे कारखाने आहेत तिथे. तारापूर औद्योगिक वसाहतीत कापड विणले जाते, रंगवले जाते, धुतले जाते. (त्या रंगाच्या पाण्याचे काय होते हा वेगळा विषय आहे. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने तो राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला आणि २०२२ च्या जानेवारीत लवादाने भरपाईचा आदेश दिला. ज्या किनाऱ्यावरच्या बायका सुईदोरा हातात घेतात, त्याच किनाऱ्याने कापडाच्या रंगाची किंमत मोजली आहे, एवढे ध्यानात असावे.) कापडाचे उरलेले तुकडे किलोच्या भावाने भंगारवाल्याकडे जातात. कोणी मशीन पुसायला घेतो, कोणी गादी भरायला.

या चिंधीतूनच अलीकडे या भागात एक निराळे काम होताना मी पाहते आहे. गोधडी अंगावरून उतरून भिंतीवर गेली आहे. घरोघरी तोरणे, उशांचे अभ्रे, रुखवतात मांडायच्या वस्तू आणि भिंतीवर लावायची कापडी चित्रे होतात. त्यांची पाठ फेल्टची असते. फेल्ट म्हणजे न विणलेले कापड. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि दाब यांनी तंतू एकमेकांत अडकतात आणि त्यांचा एकसंध थर बनतो. काश्मीरचा, कच्छचा नमदा तो हाच. आपल्या धनगरांची घोंगडी मात्र मागावरची, चिंचोक्याची खळ लावून कडक केलेली. तिला फेल्ट म्हणता येणार नाही. आज स्टेशनरीच्या दुकानात रंगीत चौकोन मिळतात ते बहुतेक पॉलिएस्टरचे, काटेरी सुया टोचून तंतू गुंतवलेले. नमद्याची सर त्याला नाही. पण त्याचा एक मोठा गुण आहे. कापले तरी त्याच्या दशा सुटत नाहीत, त्यामुळे कड दुमडावी लागत नाही, आणि वर टाका कुठेही घातला तरी ते पेलते. चिंधी उलट स्वभावाची. तिचे दोरे सुटतात, म्हणून तिच्या कडेभोवती काजाचा टाका घालावा लागतो. तोच टाका मग चित्राची रेघ होतो.

सुटिंगच्या चिंध्या करड्या, निळ्या, काळ्या. नवशिक्याला वाटावे, यात काय रंग आहे? बोईसरजवळच्या एका बाईंनी त्यातून रात्रीचा समुद्र केला होता. सहा-सात तऱ्हेचे काळे आणि निळे, एकावर एक चढलेले, मधे पांढऱ्या दोऱ्याच्या दोन रेघा, आणि काठाला घर, विहीर, दोन झाडे. मूळच्या त्या पोफरणच्या. अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. ते संच २००६ आणि २००५ मध्ये सुरू झाले. विहीर कोणाची, असे मी विचारले. "आमचीच. आता तिकडं जाऊ देत नाहीत," एवढेच त्या म्हणाल्या आणि दोरा ओवू लागल्या.

मला चिली देशातल्या बायका आठवल्या. १९७३ च्या लष्करी उठावानंतर ज्यांचे नवरे, मुलगे पोलिसांनी नेले आणि परत आणले नाहीत, त्या बायकांनी गोणपाटावर चिंध्या शिवून चित्रे केली. आर्पियेरा म्हणतात त्यांना. चर्चच्या मदतीने ती देशाबाहेर गेली, विकली गेली. त्यांतून घर चालले, आणि वर्तमानपत्रांना छापता येत नव्हते ते जगाला दिसले. बायकांच्या शिवणकामाकडे हुकूमशहाच्या राजवटीचे आधी फारसे लक्षच गेले नाही. आपल्या बाईंचे दुःख त्या जातीचे नाही, आणि मला ओढूनताणून तुलना करायची नाही. पण चिंधीचे चित्र हा फावल्या वेळचा छंद असतो, हे मात्र मी यापुढे कोणाचे ऐकून घेणार नाही.

याच जिल्ह्यात एक धडा आधी गिरवून झालेला आहे. लग्नाचा चौक वारली सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहीत आल्या. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी कागद घेऊन डहाणूकडे आले, चित्र भिंतीवरून कागदावर आले आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचे नाव जगभर झाले. १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार, २०११ ची पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. मशे थोर चित्रकार होते, त्याबद्दल वाद नाही. पण चित्राला किंमत आणि सही आल्याबरोबर ते बहुतांशी पुरुषांच्या हाती गेले आणि चौक लिहिणाऱ्या बायका अनामिकच राहिल्या, हेही तितकेच खरे. कापडाच्या चित्रांना गिऱ्हाईक मिळू लागले की हेच पुन्हा होणार का? आजच काही ठिकाणी पाहा: शिवणाऱ्या दहा, आणि दर ठरवून माल मुंबईला नेणारा एक.

दुसरा धडा शेजारच्या गुजरातचा, आणि तो नेमका चिंधीचाच आहे. अहमदाबादेत गिरण्यांच्या चिंध्या घरी नेऊन त्यांच्या खोळी शिवणाऱ्या बायका होत्या. व्यापारी देईल तो नगावरचा दर. १९७२ मध्ये इला भट्ट यांनी 'सेवा' ही संघटना उभी केली, तिने या बायकांना एकत्र करून दरवाढ मागितली. व्यापाऱ्यांनी काम बंद केले, तेव्हा त्यांनी स्वतःची सहकारी संस्था काढली आणि चिंधी मिळवण्याची खटपट स्वतः केली. त्याआधी १९७४ मध्येच 'सेवा'ची बँक सुरू झाली होती. चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपये घातले होते. बँकिंगच्या परीक्षांना आम्ही जे पाठ केले त्यातले पुष्कळ विसरले, हा आकडा विसरले नाही. घरी बसून काम करणाऱ्यांचे हक्क मान्य करणारा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार १९९६ चा. भारताने त्यावर अजून शिक्कामोर्तब केलेले नाही.

पोफरणच्या त्या बाईंकडे एक शाळेची वही होती. मुलीने आईचे तास त्यात लिहून ठेवले होते. दुपारी अडीच ते चार, रात्री जेवणानंतर पाऊण तास, असे. रात्रीच्या समुद्राचे ६२ तास भरले. फेल्ट आणि दोरा मिळून खर्च १८० रुपये. चित्र १५०० रुपयांना गेले, आणि बाई त्यावर खूश होत्या. मी वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. तासाला एकवीस रुपये आणि वर काही पैसे. त्याच वसाहतीत पॅकिंगला जाणारी त्यांची पुतणी याहून कितीतरी जास्त कमावते, आणि तिला सुट्टीही मिळते. मुलीने आकडा पाहिला आणि म्हणाली, "मग आईने कंपनीतच जावं." यावर मी काही बोलू शकले नाही, कारण तिचा हिशेब चोख होता. कला टिकावी म्हणून एकवीस रुपयांत राबा, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. तुम्हालाही नाही.

कारखान्यांनी चिंधी सुती आणि सिंथेटिक अशी वेगळी करून भंगाराच्याच भावाने थेट बचत गटांना द्यावी. यात त्यांचा एक पैसाही जात नाही. विश्वकर्माच्या यादीत एक ओळ वाढवावी. आणि गिऱ्हाईक म्हणून सुरुवात सरकारनेच करावी. २०१४ साली जिल्हा झाला, २०२१ मध्ये पालघरला जिल्हा मुख्यालयाच्या नव्या इमारती उभ्या राहिल्या. तिथल्या भिंतींना चित्रे लागणारच आहेत. त्यांतली काही कापडाची घ्यावीत, मागच्या बाजूला करणारीचे नाव शिवून घ्यावे आणि बिल नीट मागावे. कापड, दोरा आणि तास अशा तीन ओळींचे. तासांची ओळ पहिली.