अश्वशिक्षणाची तपश्चर्या

२०२३ च्या सप्टेंबरात हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धेत मुंबईचा हृदय छेडा आणि त्याचे सहकारी सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह व अनुष अगरवाला यांनी ड्रेसाजचे, म्हणजेच अश्वशिक्षणाच्या क्रीडाप्रकाराचे, सांघिक सुवर्णपदक पटकावले, तेव्हा १९८२ नंतर प्रथमच अश्वारोहणाचे सुवर्ण भारताच्या पदरी पडले. परंतु त्यासाठी त्यांना युरोपात राहून साधना करावी लागली, हे विसरून चालणार नाही.

ड्रेसाजच्या साठ मीटर लांब व वीस मीटर रुंद रिंगणात स्वार पोटऱ्यांचा हलका दाब देतो, लगाम क्षणमात्र आवळतो, आणि घोड्याने मागील पायांवर भार तोलताच लगाम तत्काळ सैल सोडतो. हा सैलपणाच त्या मुक्या जिवाचे बक्षीस. वर्षानुवर्षांच्या अशा परिश्रमांती दोन जीव एका लयीत चालू लागतात, आणि धाकाने कधीही न लाभणारा विश्वास पदरात पडतो.

तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेत उमदे घोडे व जाणते स्वार आजही दिसतात; उणीव आहे ती या शिक्षणाची. म्हणून सरकारदरबारी माझी आग्रहाची विनंती आहे, की नाशिक जिल्ह्यात, आमच्या एकलहऱ्याच्या परिसरात म्हणा, रेतीचे एक रिंगण व एक जाणकार शिक्षक यांची तजवीज व्हावी. सामान्य घरातील मुलांना ही विद्या परदेशी न जाता मिळालीच पाहिजे.