'कशावरून?' : सचित्र रहस्यकथा आणि आपली समीक्षा

बालवाङ्मयावरील चर्चासत्रांत एक विधान हमखास ऐकू येते : ज्या चित्रमय रहस्यकथेत गुन्हेगार वाचणाऱ्या मुलानेच शोधावयाचा असतो ती कथा नव्हे, ते कोडे होय, कोडे सुटले की संपले, आणि जे पुन्हा वाचता येत नाही ते वाङ्मय नव्हे. असे म्हणणाऱ्यांनी या प्रकारातील एकही प्रकरण स्वतः सोडवून पाहिलेले नसावे. कारण येथे पुन्हा वाचणे ही चैन नसून अट असते. पहिल्या वाचनात काहीच हाती लागत नाही.

लॉरेन्स ट्रीट या अमेरिकन लेखकाचे 'क्राइम अँड पझलमेंट' (१९८१) आणि पाठोपाठ मुलांसाठी आलेले 'यू आर द डिटेक्टिव्ह!' (१९८३) ही या प्रकाराची उत्तम उदाहरणे. एक रेखाचित्र, थोडका मजकूर, आणि मग क्रमाने येणारे प्रश्न. ट्रीट हा पोलिसी तपासाची कादंबरी रुजविणाऱ्यांपैकी एक. तपास म्हणजे प्रतिभेचा झटका नसून प्रश्नांची ओळ असते, हे त्याला पक्के ठाऊक होते. १९८७ साली सुरू झालेली बॉब वेबर (कनिष्ठ) यांची 'स्लायलॉक फॉक्स' ही वृत्तपत्रीय चित्रमालिका आणखी लहान मुलांसाठी : कोल्हा गुप्तहेर, त्याचा उंदीर सोबती, एखादा संशयित आणि एक प्रश्न, उत्तर उलटे छापलेले.

तोदोरोव्हने १९६६ साली रहस्यकथेत दोन कथा असतात असे दाखवून दिले : एक गुन्ह्याची, दुसरी तपासाची. ही मांडणी आपल्याकडे पुष्कळदा उद्धृत होते. पण जिच्यात दुसरी कथा लिहिलेलीच नसते, ती वाचकाने बोट फिरवीत स्वतः घडवावयाची असते, अशा संहितेचे काय, हा प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

शिवाय या प्रकारात चित्र हे शोभेचे नसते. गद्यात सुगावा लपविणे मुळातच अवघड. 'टेबलावरील कपाचा कान डावीकडे होता' असे लिहिताक्षणी लेखकाने बोट दाखविलेले असते. मग तो वीस निरुपयोगी वस्तूंची यादी देऊन ते बोट झाकू पाहतो. चित्रात कप नुसता असतो. छत्री, दिनदर्शिका, अर्धवट उघडी खिडकी असते तसाच. गद्यात उल्लेखाशिवाय अस्तित्व नाही, चित्रात अस्तित्वाला उल्लेखाची गरज नाही. एलरी क्वीनने 'द रोमन हॅट मिस्टरी' (१९२९) मध्ये कथा मध्येच थांबवून वाचकाला जे आव्हान दिले, त्यातील सचोटी मला तरी चित्रातच पुरतेपणी पाळली गेलेली दिसते.

तुलनेसाठी डोनाल्ड सोबोल यांचा 'एन्सायक्लोपीडिया ब्राउन' घ्यावा. हा बालगुप्तहेर १९६३ पासूनचा, आणि मुख्यतः गद्यातला. एका प्रसिद्ध कथेत तलवारीवर 'बुल रनच्या पहिल्या लढाईत' असा मजकूर व १८६१ ही तारीख कोरलेली असते. दुसरी लढाई झाली १८६२ साली. तेव्हा १८६१ मध्ये तिला 'पहिली' कोण म्हणेल? तलवार बनावट. युक्ती सुंदर आहे. बाबराने १५२६ साली 'पानिपतच्या पहिल्या लढाईत' असे कोरून तलवार दिली म्हटले, तर आपला सातवीतला मुलगाही हसेल. परंतु बुल रनला तो हसणार नाही, कारण तेथील पुरावा पानावर नसून अमेरिकन शाळेच्या इतिहासात आहे. चित्रातला कप मात्र त्याच्याही डोळ्यांसमोर असतो. (अर्थात चित्रांतही परके संकेत असतातच, आणि पात्रे पुठ्ठ्याची असतात, हेही मान्य.)

दुसऱ्या बाजूला आमचे नवसिद्धान्तवादी मित्र आहेत. त्यांना यात वाचकाची मुक्ती दिसते. बार्थचे नाव येते, लेखकाच्या मृत्यूची घोषणा होते. येथे लेखक मुळीच मेलेला नाही. तो पानाच्या तळाशी उलटा छापलेला आहे. उत्तर एकच आहे आणि ते त्याचेच आहे. याला अर्थनिर्मितीचे स्वातंत्र्य म्हणणे ही शुद्ध दिशाभूल होय. मुलाला येथे मिळते ते स्वातंत्र्य नव्हे, अधिकार. आणि तो मर्यादित असला तरी खरा असतो. उत्तर वाचून मूल पुन्हा चित्राकडे जाते आणि म्हणते, 'पण काच आतूनही फुटू शकते की!' लेखकाने पुरावा मागे ठेवलेला असल्यामुळे त्याच पुराव्यावर त्याला दोषी ठरविता येते. परीक्षेच्या मार्गदर्शिकांमधील उत्तरांना असे कोणते चित्र बांधलेले असते?

हा प्रश्न मला बालवाङ्मयापुरता वाटत नाही. पदव्युत्तर वर्गातील उत्तरपत्रिकांत 'अस्तित्वाची विदारक जाणीव' पानोपानी आढळते. कशावरून, असे विचारले की वर्ग गप्प होतो. कवितेतील एखाद्या शब्दावर बोट ठेवावे लागते हेच कोणी शिकविलेले नसते. दोष विद्यार्थ्यांचा नाही. आमची परीक्षणे वाचूनच ते लिहावयास शिकले आहेत.

मराठीत साहसकथेची परंपरा आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मुलांना आपल्यामागे धावायला लावतो, आणि त्या धावण्यातील आनंद मी नाकारीत नाही. मात्र मुलाला थांबवून 'आता तू सांग, आणि कशावरून तेही सांग' असे म्हणणाऱ्या चित्रपुस्तकांची आपण परीक्षणे लिहीत नाही. लिहिलीच तर 'मनोरंजक व बोधप्रद' या दोन शब्दांत उरकतो. सुगावा न्याय्य आहे का, चित्रकाराने तो दाखविला की दडपला, दुसरे उत्तर संभवते का, हे तपासावयास हवे. त्यासाठी परीक्षणकर्त्याने निदान उत्तराचे पान आधी झाकून ठेवावे.